जुन्या गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड पॅकिंग: कसं ओळखायचं, कसं निवडायचं आणि कसं बसवायचं?

एरवी मी इथे ॲप आणि फोनबद्दल लिहितो, पण आजचा विषय गाडीचा आहे. आमच्या घरी, वारणानगरला, बाबांची १९९७ सालची मारुती ८०० आहे. कार्बुरेटरवाली. दोन वर्षांपूर्वी जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना एका वळणावर तिचं इंजिन बंद पडलं. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, गाडी गिअरमध्ये नव्हती, उतार तर होताच. पहिल्या दोन वेळा ब्रेक नीट लागला. तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं कडक झालं. बाबांनी दोन्ही पाय पेडलवर दाबून, हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर आई आणि आजी होत्या.

या सगळ्याच्या मुळाशी होता एक कागदासारखा तुकडा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड पॅकिंग. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये आणि स्पेअर पार्टच्या दुकानात 'पॅकिंग' म्हटलं तरच पटकन कळतं. ते मी स्वतः बदललं, पहिल्यांदा चुकीचं बदललं, मग नीट बदललं. दोन्हीतून जे कळलं ते सगळं या लेखात आहे. उदाहरण मारुती ८०० चं असलं तरी बरीचशी माहिती कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला लागू पडते.

इनटेक मॅनिफोल्ड पॅकिंग म्हणजे काय?

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे हवा सिलिंडरपर्यंत नेणारा फाटे असलेला पाइप. कार्बुरेटरवाल्या गाडीत त्यातून हवा आणि पेट्रोल दोन्हींचं मिश्रण जातं. एमपीएफआय गाडीत बहुतेक प्रवास फक्त हवेचा असतो, पेट्रोल शेवटी व्हॉल्व्हजवळ फवारलं जातं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पेस्ट निवडताना तोच महत्त्वाचा ठरतो.

मॅनिफोल्ड आणि इंजिनाचं हेड हे धातूचे दोन वेगळे भाग आहेत. दोन्ही कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक खाचा राहतातच. त्या खाचा भरायचं काम पॅकिंग करतं. बोल्ट आवळले की ते दाबलं जातं आणि दोन्ही बाजूंना घट्ट चिकटून बसतं. म्हणजे सील करणारी गोष्ट पॅकिंग आणि त्यावरचा सारखा दाब, ही जोडी आहे. वरून लावलेली पेस्ट नव्हे.

आमच्या इंजिनात याच मॅनिफोल्डमधून कूलंटसुद्धा फिरतो. कारण साधं आहे: थंड भिंतीवर पेट्रोलचे थेंब तसेच ओले राहतात, वाफ होत नाहीत, म्हणून मॅनिफोल्ड गरम ठेवायचा. त्यामुळे हे एकच पॅकिंग दोन कामं करतं. बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही, आणि कूलंट हवेच्या रस्त्यात जाऊ द्यायचा नाही.

एवढ्याशा फटीने एवढं काय बिघडतं?

इंजिन आयडलवर असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डच्या आत बाहेरच्यापेक्षा खूप कमी दाब असतो. यालाच व्हॅक्यूम म्हणतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल उघडतो आणि हा फरक जवळजवळ संपतो. म्हणून पॅकिंगची गळती हायवेवर लपते आणि सिग्नलला, गल्लीत किंवा उतारावर पाय सोडला की उघडी पडते.

मी एक ढोबळ हिशोब केला. ७९६ सीसीचं इंजिन ८५० आरपीएमच्या आयडलला तासाला साधारण ७ किलो हवा घेतं. समजा पॅकिंगच्या कडेला २० मिलिमीटर लांब आणि ०.०५ मिलिमीटर रुंद फट पडली. डोळ्याला ती दिसणारही नाही. क्षेत्रफळ फक्त १ चौरस मिलिमीटर. आयडलच्या व्हॅक्यूमला त्यातून तासाला अर्ध्या किलोपेक्षा थोडी जास्त हवा आत जाते, म्हणजे एकूण हवेच्या साधारण ८ टक्के.

८ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ही हवा तिन्ही सिलिंडरमध्ये वाटली जात नाही. फट ज्या सिलिंडरच्या तोंडाशी आहे, बहुतेक तोच ती गिळतो. त्या एकट्याला मग जवळजवळ पाव हिस्सा जास्त हवा मिळते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण त्या सिलिंडरपुरतं १८ च्या पुढे गेलं की मिश्रण नीट पेटतच नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनातला एक हुकला की आयडल टिकत नाही.

आणि ब्रेक? ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे, त्याला ताकद याच मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूममधून मिळते. इंजिन बंद पडलं तरी बूस्टरमधल्या एकमार्गी व्हॉल्व्हमुळे एक-दोन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम साठून राहतो. तो संपला की पेडल कडक. ब्रेक फेल होत नाही, पण खूप जोर लावावा लागतो. जोतिबाच्या उतारावर नेमकं हेच झालं होतं.

आता पेट्रोलमधल्या इथेनॉलचं काय?

आमच्या भागात नजर जाईल तिथे ऊस. त्याच उसापासून बनलेलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे अशा इंधनाला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट. कार्बुरेटरच्या जेटला हे कळत नाही, तो आधीच्याच मापाने पेट्रोल सोडतो. म्हणजे जुनी गाडी आधीच थोडी 'लीन' चालते. त्यात पॅकिंगची फट आली की पूर्वी सहन होणारी गळतीही जाणवू लागते. जुन्या रबरी नळ्याही या इंधनाने लवकर कडक होतात किंवा फुगतात, हेही ध्यानात असू द्या.

लक्षणं कोणती?

- आयडल वर-खाली होणं, किंवा पाय सोडला की इंजिन बंद पडणं
- थंड असताना जास्त त्रास आणि गरम झाल्यावर कमी, किंवा याच्या उलट
- इंजिनाजवळ 'स्स्स' असा बारीक आवाज
- पेट्रोल जास्त खाणं आणि पीयूसीला आकडे बिघडणं
- बाहेर कुठेही गळती दिसत नसताना कूलंट कमी होणं, सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येणं

शेवटचं लक्षण सगळ्यात गंभीर. कूलंट मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये उतरत असेल तर गाडी चालवू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असताना स्टार्टर मारला तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मात्र पांढऱ्या धुराचं कारण हेड पॅकिंगही असू शकतं, आणि थंडीतल्या सकाळी थोडी वाफ येणं तर साधी गोष्ट आहे. कूलंटची पातळी खरंच उतरतेय का, ते खूण करून बघा.

आधी निदान, मग पाना

जोतिबाच्या प्रसंगानंतर गाडी एका गॅरेजला दिली. तिथे कार्बुरेटरची किट बदलली आणि 'ट्यूनिंग' केलं. आठ दिवस बरं वाटलं. नंतर कळलं की मिक्श्चर स्क्रू उघडून तिन्ही सिलिंडरना जास्त पेट्रोल दिलं होतं. गळणारा सिलिंडर त्यामुळे कसाबसा पेटत होता, पण उरलेले दोन विनाकारण जास्त पेट्रोल पीत होते. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज लपवला, बग तसाच.

म्हणून घरीच हा क्रम करा. एका वेळी एकच गोष्ट तपासा.

१. फोटो काढा. बॉनेट उघडून प्रत्येक व्हॅक्यूम नळीचा फोटो घ्या. कुठली नळी कुठे जाते, हे नंतर आठवत नाही. फोटो चारही बाजूंनी आणि टॉर्च लावून.

२. आधी नळ्या बघा. ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसच्या वाफेची नळी, डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक नळी. इंजिन आयडलवर ठेवून एकेक नळी पकडीने हलकेच दाबा. दाबल्यावर आयडल सुधारलं तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पुढच्या भागात आहे. नळीचा खर्च पॅकिंगपेक्षा कमी आणि कामही सोपं.

३. आवाज ऐका. अर्धा मीटर रबरी नळीचं एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून हळूहळू फिरवा. फॅन आणि बेल्टपासून हात, नळी आणि केस लांब ठेवा.

४. पाणी फवारा. स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घेऊन पॅकिंगच्या कडेवर थोडं थोडं फवारा. फटीवर पाणी पडलं की क्षणभर आवाज किंवा आयडल बदलतं. हा बदल फोनवर रेकॉर्ड करा, एका सिलिंडरसाठी एक क्लिप. प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर भिजू देऊ नका.

५. व्हॅक्यूम गेज लावा. चांगल्या इंजिनाला आयडलवर समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळतो. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी होतो. कोल्हापूर परिसर साधारण १८०० फुटांवर आहे, म्हणजे आपल्याकडे दोन इंच कमी धरायचे. तीन सिलिंडरच्या इंजिनात काटा मुळातच थोडा थरथरतो. काट्याचा स्लो-मोशन व्हिडिओ काढला तर दुरुस्तीआधी आणि नंतर तुलना करता येते.

दोन इशारे. काही व्हिडिओंत पेटती उदबत्ती धरून गळती शोधतात. पेट्रोलच्या वाफेजवळ हे अजिबात करू नका. कार्बुरेटर क्लीनर फवारून आरपीएम वाढतं का बघण्याची पद्धत मेकॅनिक वापरतात, पण तो स्प्रे पेट घेणारा आहे आणि शेजारी एक्झॉस्ट तापलेला असतो. घरी पाण्यावरच भागवा.

ओबीडी ॲपचा उपयोग होतो का?

कार्बुरेटरच्या गाडीत नाही, तिथे फोन जोडायला काही नसतंच. भारतात पेट्रोल गाड्यांना ओबीडी २०१० पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालं. तुमच्या गाडीला पोर्ट असेल आणि ब्लूटूथ ॲडॉप्टर जोडता येत असेल तर 'फ्युएल ट्रिम' हा आकडा बघा. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत गळती असेल तर आयडलला तो अधिक १५ ते २५ दाखवतो आणि २५०० आरपीएमला शून्याच्या जवळ येतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत मात्र कॉम्प्युटर त्या जास्तीच्या हवेलाही पेट्रोल देतो, त्यामुळे ट्रिम ठीक दिसून आयडल वाढलेलं असू शकतं. ॲप 'ओके' म्हणालं म्हणजे पॅकिंग ठीक, असं नाही.

कोणतं पॅकिंग घ्यायचं?

फायबर किंवा कागदी शीटचं: जुन्या ॲल्युमिनियम हेडच्या गाड्यांत हेच बहुधा असतं. दाबलं गेल्यावर बारीक खाचा छान भरतं. एकदाच वापरायचं.

धातूचं, रबराचा लेप असलेलं: जास्त टिकतं, पण पृष्ठभाग अगदी सपाट हवा. घासलेल्या, खाचा पडलेल्या मॅनिफोल्डवर ते फायबरपेक्षा लवकर गळतं.

रबरी रिंगचं: प्लॅस्टिक मॅनिफोल्ड असलेल्या नंतरच्या गाड्यांत. यावर कुठलीही पेस्ट लावायची नाही.

इनटेक-एक्झॉस्ट एकत्र: ॲम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत आणि पॅकिंगही एकत्र. तिथे एक्झॉस्टची उष्णता सोसणारंच पॅकिंग हवं, साधा पॅकिंग पेपर जळून जातो.

बुचाच्या म्हणजे कॉर्कच्या शीटचं इनटेकला वापरू नका. ते मऊ असतं, दाबाने पसरतं आणि सुटत जातं.

दुकानात जाताना या गोष्टी तपासा:

- मॉडेलचं नाव पुरेसं नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. कार्बुरेटर आणि एमपीएफआयचे भाग वेगळे. वर्ष आणि इंजिनाचा प्रकार दोन्ही सांगा.
- जुनं पॅकिंग फाटलं असलं तरी सोबत न्या आणि नव्यावर ठेवून बघा. बोल्टची भोकं, हवेची तोंडं, कूलंटचं भोक, सगळं जुळलं पाहिजे.
- पॅकिंगची कड हवेच्या तोंडात डोकावता कामा नये.
- जाडी जुन्याइतकीच. एकावर एक दोन पॅकिंग लावू नका, दोन्ही दबत जातात आणि बोल्ट सैल पडतात.

तयार पॅकिंग मिळालंच नाही तर? पेट्रोल, तेल आणि कूलंट सोसणारी, ॲस्बेस्टॉस नसलेली पॅकिंग शीट घेऊन कापता येते. मॅनिफोल्डच्या तोंडाला हलका रंग किंवा शाई लावून शीटवर ठसा घ्या, भोकं पंचने पाडा, बाकी धारदार कात्रीने कापा. शीट थेट मॅनिफोल्डवर ठेवून हातोडीने कडा ठोकायची जुनी सवय आहे. लोखंडाला ती चालून जाते, ॲल्युमिनियमच्या कडा मात्र दबतात.

सिलिकॉन पेस्ट: माझी चूक

पहिल्यांदा मी पॅकिंग बदललं तेव्हा व्हिडिओ बघून नव्या पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन पेस्टचा जाड थर दिला. मनात हिशोब असा, की थोडी जास्तच सुरक्षितता. गाडी छान चालली. तीन आठवड्यांनी तोच त्रास परत सुरू झाला.

मॅनिफोल्ड पुन्हा सोडला तर पेस्ट फुगून जेलीसारखी झालेली, आणि तिची एक लांब दोरी तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडात लोंबत होती. ती तुटून व्हॉल्व्हखाली अडकली असती तर काम हेडपर्यंत गेलं असतं.

तो मॅनिफोल्ड पिशवीत घालून मी कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथे एका मशीन शॉपमधल्या मामांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "अरं पोरा, पॅकिंगला पॅकिंगचं काम करू दे की. हे काय आईस्क्रीम हाय व्हय थर द्यायला?"

कारण असं आहे. साधं सिलिकॉन तेल आणि कूलंट बऱ्यापैकी सोसतं, पण पेट्रोलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. कार्बुरेटरच्या गाडीत या जोडावरून सतत ओलं पेट्रोल जातं. शिवाय पेस्ट ओली असताना बोल्ट आवळले की ती वंगणासारखं काम करते आणि पॅकिंग जागेवरून सरकतं.

मग पेस्ट कुठे चालते?

- फायबर पॅकिंग, स्वच्छ आणि सपाट पृष्ठभाग: कोरडंच बसवा. गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर त्याप्रमाणे.
- कूलंटच्या भोकाभोवती: मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच, अगदी पातळ थर.
- पेट्रोल लागणाऱ्या जागी: पेट्रोल सोसणारं, न वाळणारं सीलंट.
- कूलंटमध्ये उघडणाऱ्या स्टडच्या आट्यांवर: थ्रेड सीलंट.
- ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत सिलिकॉन लागलंच तर डब्यावर 'सेन्सर सेफ' लिहिलेलं. व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका.

बसवण्याच्या पायऱ्या

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

२. कूलंट भांड्यात काढा. तो विषारी आणि चवीला गोड असतो, कुत्रा-मांजर किंवा जनावरं चाटतात. उघड्यावर ठेवू नका, गटारात ओतू नका.

३. नळ्या, केबल, पेट्रोल लाइन सोडा. प्रत्येकीला चिकटपट्टीवर नंबर लिहा आणि तोच नंबर फोटोत दिसू द्या.

४. नट-बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे सैल करा. मॅनिफोल्ड निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. हमखास एखादा बोल्ट खाली लपलेला असतो. टॉर्च लावून फोनचा कॅमेरा खाली धरा, दिसेल.

५. हेडच्या तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे घाला आणि किती घातले ते लिहून ठेवा. बाहेर काढताना तेवढेच निघाले पाहिजेत.

६. जुनं पॅकिंग ओलं करून प्लॅस्टिकच्या किंवा पितळेच्या पट्टीने खरवडा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ग्राइंडर लावू नका, हवेच्या पाइपने धूळ उडवू नका. ॲल्युमिनियमला पॉलिश पेपरची डिस्कही नको, तिचे कण इंजिनात जातात.

७. सपाटपणा तपासा. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवा आणि खालून फीलर गेज सरकवून बघा. साधारण ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त जाडीचं पान जात असेल तर मॅनिफोल्ड वाकलाय. आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरजवळ ०.२० चं पान आरामात गेलं. खरं कारण इथे सापडलं. नवं पॅकिंग कितीही चांगलं असतं तरी ते तिथे पुरेसं दाबलंच गेलं नसतं. मामांनी फेसिंग करून दिलं, तासाभराचं काम.

८. आटे साफ करा. पॅकिंग कोरडं बसवा आणि सगळे नट-बोल्ट आधी हातानेच लावा.

९. मध्यापासून बाहेर, आलटून पालटून, तीन टप्प्यांत आवळा. आधी अर्ध्या जोराने, मग पाऊण, मग पूर्ण. टॉर्क रेंच वापराच. ॲल्युमिनियममधल्या एम-८ बोल्टला साधारण १८ ते २३ न्यूटन-मीटर लागतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. ताकदीने आवळलं की घट्ट बसतं, हा गैरसमज आहे. आटे जातात आणि मॅनिफोल्ड वाकतो. आमचा बहुतेक असाच वाकला असावा.

१०. नळ्या फोटो बघून जोडा, कूलंट भरा, सिस्टिममधली हवा काढा. पेट्रोल लाइनला गळती नाही ना ते बघूनच स्टार्ट करा.

११. इंजिन एकदा पूर्ण गरम होऊन थंड झालं की टॉर्क पुन्हा तपासा. फायबर पॅकिंग दबून थोडं सैल पडतं. मॅन्युअलमध्ये नको म्हटलं असेल तर मात्र हात लावू नका.

काम झालं हे कसं समजायचं?

पाण्याचा स्प्रे पुन्हा मारा, काही बदल होता कामा नये. गेजचा आधीचा आणि आताचा व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. आयडल आणि मिक्श्चर नव्याने सेट करून घ्या, कारण आधीचं ट्यूनिंग गळती धरून केलेलं होतं. त्यानंतर पीयूसी करा.

बूस्टरची तपासणी वेगळी करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर, त्याची नळी किंवा व्हॉल्व्ह दाखवून घ्या. डोंगरावर जाण्याआधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुनं पॅकिंग चांगलं दिसतंय, परत वापरू का?
नाही. ते एकदा दबलं की त्याच खाचांच्या मापाचं होतं. दुसऱ्यांदा तसंच बसत नाही.

गळती असताना गाडी चालवली तर?
फक्त हवेची बारीक गळती असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येईल. पण आयडलला इंजिन बंद पडत असेल तर घाट आणि गर्दी टाळा. कूलंट आत जात असेल तर टो करून न्या.

उतारावर इंजिन बंद पडलंच तर?
ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका, साठलेला व्हॅक्यूम संपतो. एकदाच दाबा आणि दाबून धरा, खालचा गिअर टाका, गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आणि उतारावर न्यूट्रल कधीच नको. ही सवय बाबांनी आता सोडली आहे.

मी स्वतः करू की मेकॅनिकला देऊ?
तपासणी स्वतः करा. पेट्रोल लाइन सोडायचा अनुभव नसेल, टॉर्क रेंच नसेल तर बसवायचं काम मेकॅनिकला द्या. फक्त दोन प्रश्न विचारा: "मॅनिफोल्डला पट्टी लावून बघितली का?" आणि "पॅकिंग कोरडं बसवणार ना?"

शेवटी

पॅकिंगला काही शे रुपये लागले, फेसिंगलाही तेवढेच. त्याआधी कार्बुरेटरवर झालेला खर्च याच्या कितीतरी पट होता, आणि 'विकून टाकू या भंगारात' असं घरात ठरत आलं होतं. गेल्या चैत्रात बाबा, आई आणि आजी पुन्हा त्याच गाडीने जोतिबाला जाऊन आले. उतरताना मी मागून बाईकवर होतो. त्या वळणावर गाडीचे ब्रेक लाइट लागले, विझले आणि गाडी पुढे गेली.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर कुठलाही पार्ट बदलण्याआधी एक स्प्रेची बाटली आणि अर्धा मीटर नळी घेऊन बॉनेट उघडा. आणि हा लेख गाडी चालवणाऱ्या घरातल्या मोठ्यांना नक्की पाठवा.